भारतीय भांड्याच्या जागी कमोड: जमिनीखालचा पाइप कसा वळवावा

भारतीय पद्धतीचे भांडे काढून कमोड बसवायचा असेल, तर दुकानात जाण्याआधी मोजमाप करावे, कारण कमोडचे आउटलेट कुठे येते यावरच जमिनीखालचे सगळे काम ठरते. एस-ट्रॅप प्रकारच्या कमोडचे (ट्रॅप म्हणजे पाणी धरून दुर्गंधी अडवणारे वळण) आउटलेट फरशीत उतरते आणि टाइल लावलेल्या मागच्या भिंतीपासून त्याच्या मध्यापर्यंतचे अंतर बहुधा २२५ किंवा ३०० मिलिमीटर असते. पी-ट्रॅप प्रकाराचे आउटलेट मागे भिंतीत जाते. त्यामुळे भिंतीपलीकडेच डक्ट (पाइपांसाठीची उभी मोकळी जागा) असेल, तर माझ्या मते पी-ट्रॅपच घ्यावा, कारण फरशीखालची बरीच तोडफोड वाचते.

जुने भांडे निघाले की त्याच्या खाली वेगळा बसवलेला ट्रॅप दिसतो. तोडफोड टाळण्यासाठी पुष्कळ जण तो तसाच ठेवून त्यावर कमोड जोडतात, आणि चूक होते ती नेमकी इथेच. कमोडच्या पोटात स्वतःचा ट्रॅप असतोच. त्याखाली दुसरा राहिला, तर दोन पाण्यांच्या मध्ये हवा कोंडते, फ्लश मंदावतो आणि मैला खालच्या वळणात अडकून वारंवार तुंबतो. म्हणून जुना ट्रॅप काढून टाकावा, मग त्यासाठी कोबा कितीही फोडावा लागो.

नवी जोडणी ११० मिलिमीटरच्या एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्यासाठीच्या) पाइपने करावी आणि तो ‘टाइप बी’ असल्याची खात्री करावी, कारण ‘टाइप ए’ हा पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या नळीसाठी असतो. उभ्या पाइपाकडे मीटरमागे सुमारे २५ मिलिमीटर उतार द्यावा. दिशा बदलताना ९० अंशांच्या एका बेंडऐवजी ४५ अंशांचे दोन वापरावेत आणि जिथे पुढे हात पोहोचू शकेल तिथे झाकणाचा बेंड (तुंबल्यास उघडून साफ करता येणारा) घ्यावा.

भराव घालण्यापूर्वी पाइपात पाणी भरून सांधे तपासावेत. मग वॉटरप्रूफिंग करून बाथरूममध्ये किमान २४ तास पाणी साठवून ठेवावे आणि खालच्या घराचे छत कोरडे आहे ना, ते स्वतः जाऊन पाहावे (सोसायटीची परवानगी आणि त्या शेजाऱ्यांना कल्पना अर्थातच आधी). कमोड बसवल्यावर बुडाभोवती सिलिकॉन लावताना मागे थोडी फट सोडावी, म्हणजे सांधा गळू लागला तर पाणी आत न मुरता तिथून बाहेर दिसेल.