'क्लँक' खेळताना या चुका टाळा

पॉल डेनन यांचा 'क्लँक!' हा पत्ते जमवत खेळायचा बोर्डगेम २०१६ साली आला. दोन ते चार जण ड्रॅगनच्या तळघरात शिरतात, एक आर्टिफॅक्ट (मौल्यवान वस्तू) उचलतात आणि जीव मुठीत धरून वर पळतात. नियम फारसे अवघड नाहीत. तुम्ही गोंगाट केला की तुमच्या रंगाचे ठोकळे बाजूला जमतात, ड्रॅगनने हल्ला केला की ते एका पिशवीत जातात, आणि मग तिच्यातून काही ठोकळे न बघता काढले जातात. तरी डाव रंगत नसेल तर बहुतेक वेळा घोडं या पिशवीपाशी पेंड खात असतं.

ड्रॅगन अगदीच मवाळ आहे, कोणाला काही होतच नाही, अशी तक्रार असेल तर बाहेर काढलेले काळे ठोकळे तुम्ही परत पिशवीत टाकता का, ते आधी बघा. काळा ठोकळा निघाला की तो बाजूला ठेवायचा. रंगीत निघाला तर ती त्या खेळाडूची जखम. पण पिशवीत गेलेले आणि न निघालेले रंगीत ठोकळे तिथेच राहतात, आणि सगळी गंमत त्यातच आहे. सुरुवातीला आत २४ काळे असतात. समजा तुमचे ६ त्यात पडले (बाकीच्यांचे तूर्त सोडून द्या). निघणारा ठोकळा तुमचा असण्याची शक्यता पाचात एक. काळे निम्मे संपले की त्याच ६ ठोकळ्यांसाठी ती तीनात एक होते, मग तुम्ही मधल्या काळात कितीही मांजरीच्या पावलांनी चाललेले असा. सुरुवातीला 'अजून वेळ आहे' म्हणत केलेला गोंगाट परतीच्या वाटेवर भोवतो तो असा.

काही टेबलांवर उलटंच दिसतं: ड्रॅगन सारखा अंगावर येतो. कोणी बाहेर पडेपर्यंत, पाळी संपल्यावर मांडलेल्या पत्त्यांच्या रांगेत रिकाम्या जागी नवे पत्ते लावताना ड्रॅगनचं चिन्ह आलं, तरच हल्ला होतो. एका वेळी दोन चिन्हं आली तरी हल्ला एकच. आणि खेळ मांडतानाच चिन्हाचा पत्ता आला तर तो बदलून घ्यायचा.

नवख्यांची हमखास चूक म्हणजे बूट, म्हणजे पुढे सरकायला लागणारं पत्त्यावरचं चिन्ह, न घेणं. तलवारी घेऊन राक्षस मारण्यात मजा येते हे खरंच, पण सुरुवातीच्या १० पत्त्यांत बूट फक्त २ असतात: एक साइडस्टेपवर, एक स्क्रॅम्बलवर. हातात दर वेळी ५ पत्ते, म्हणजे सरासरी पाळीला एक पाऊल. तळाशी पोचून ८ खोल्या वर यायचं असेल तर ८ पाळ्या, आणि दोन बूट मागणारी वाट मध्ये आली तर त्याहून जास्त. नवे पत्ते घ्यायला लागणारं स्किल ३ झालं आणि समोर काही खास नसेल तर डोळे मिटून एक्सप्लोर घ्या. २ स्किल आणि एक बूट देणारा हा पत्ता दिसायला कंटाळवाणा आहे, पण घरी तोच आणतो. वाटेत क्रिस्टल गुहा असेल तर तीही हिशेबात धरा, कारण तिच्यात शिरलं की त्या पाळीत बूट वापरून पुढे सरकता येत नाही.

आर्टिफॅक्ट एकदा उचलली की खाली ठेवता येत नाही आणि बदलताही येत नाही. दुसरी हवी तर बाजारातून ७ सोन्याची बॅकपॅक घ्यावी लागते. त्यामुळे ५ गुणांची उचलून 'नंतर ३०ची घेऊ' हा बेत बॅकपॅकशिवाय मनातच ठेवा. ५ गुणांची उचलून धूम ठोकणं ही मात्र चूक नाही. मला तो डाव खोडसाळ वाटतो, पण नियमात बसतो. पहिला बाहेर पडला की त्याच्या पुढच्या पाळ्यांना ड्रॅगनचे हल्ले वाढत जातात आणि शेवटी आत उरलेले सगळे बाद होतात. खोल भागात बाद झालात तर तेलही गेलं, तूपही गेलं: गुण शून्य. जमिनीजवळच्या भागात पोचला असाल आणि हातात आर्टिफॅक्ट असेल तर गावकरी वाचवतात, गुणही मोजले जातात, पण बाहेर पडल्याचे २० मिळत नाहीत.

बारीकसारीक चुकाही होतात. हातातले सगळे पत्ते खेळावेच लागतात, गोंगाट करणारा स्टम्बलसुद्धा. क्रम मात्र तुमचा, म्हणून पत्ता ओढू देणारं कार्ड आधी खेळा. उरलेलं स्किल, बूट किंवा तलवारी पुढच्या पाळीला जात नाहीत. सोन्याने डेकचे पत्ते विकत घेता येत नाहीत. ते बाजारासाठी आणि शेवटी नाण्यामागे एक गुण मिळवण्यासाठी.