जुनी खिडकी न काढता आतून दुसरं तावदान: माप, जोडणी आणि ओलाव्याचा बंदोबस्त

एकेरी काचेची खिडकी बदलायची म्हणजे चौकट उखडणं, भिंतीची तोडफोड, पुन्हा गिलावा असं सगळं आलं. सेकंडरी ग्लेझिंगमध्ये यातलं काही करावं लागत नाही. आहे ती खिडकी तशीच ठेवायची आणि खोलीच्या बाजूने तिच्यावर दुसरं तावदान बसवायचं. दोन्हींच्या मधे जी हवा कोंडते, तीच उष्णता अडवते. त्यामुळे काच किती जाड घ्यावी यावर डोकं शिणवण्यापेक्षा ती हवा खरोखर कोंडली गेली आहे का, हे पाहणं जास्त महत्त्वाचं.

फरक चांगलाच पडतो. काचेच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या तापमानातल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे किती वॅट उष्णता जाते, त्या आकड्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. साध्या एकेरी काचेची यू-व्हॅल्यू ५.७ च्या आसपास असते. आतून साधं तावदान नीट बसवलं की ती ३ च्या खाली येते, आणि लो-ई लेपाची (उष्णता परत फेकणाऱ्या अतिशय पातळ लेपाची) काच वापरली तर २ च्या जवळपास. लेपाची बाजू मात्र दोन काचांमधल्या पोकळीकडे हवी.

बाहेर ५ अंश आणि खोलीत २० अंश सेल्सिअस असेल, तर एकेरी काचेचा खोलीकडचा पृष्ठभाग जेमतेम ९ अंशांवर असतो. खोलीत ५० टक्के आर्द्रता असेल तर बाष्पाचं पाणी व्हायला ९.३ अंश पुरतात. सकाळी काचेवरून ओघळ येतात, खालची लाकडी पट्टी कुजते, ते यामुळेच. दुसरं तावदान लावल्यावर खोलीकडचा पृष्ठभाग १४ अंशांच्या वर राहतो आणि ओघळ थांबतात.

थेट येणारं ऊन मात्र साधं तावदान फारसं अडवत नाही. तिथे बाहेरून सावली करणं हाच उपाय.

दोन काचांमधलं अंतर आधी ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर बेततं. उष्णतेसाठी १६ ते २० मिमी पुरे. त्याहून जास्त ठेवलं तर आतली हवा वरखाली फिरू लागते, त्यामुळे फायदा वाढत नाही. १०० मिमीपर्यंत फारसा कमीही होत नाही. रस्त्याचा आवाज कमी करायचा असेल तर निदान १०० मिमी ठेवाच. दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या घ्या, नाहीतर एकाच कंपनसंख्येचा (फ्रिक्वेन्सीचा) आवाज दोन्हींमधून सहज आत येतो. पोकळीच्या कडांना आवाज शोषणारा फोम लावला तर आणखी फरक पडतो.

४ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला १० किलो, तर ३ मिमी ॲक्रिलिकचं (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या शीटचं) साधारण ३.६ किलो. स्वतः बसवणार असाल तर ॲक्रिलिक आणि चुंबकी पट्टी सोयीची. एक बाजू मीटरभराहून मोठी असेल तर ४ मिमी ॲक्रिलिक घ्या, नाहीतर मधे पोक येतो. ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात आणि ते जळतं, तेव्हा शेगडी किंवा हीटरजवळच्या खिडकीला ते नको. रोज उघडायच्या खिडकीला सरकती काच कारागिराकडून करून घ्या. जमिनीलगत किंवा दाराशेजारी काच असेल तर ती टफन्ड किंवा लॅमिनेटेडच हवी.

जुन्या खिडकीची डागडुजी आधी उरकून घ्या. काचेभोवतीची सुटलेली लांबी (पुट्टी) खरवडून नवी भरा, कुजलेलं लाकूड बदला, पावसाचं पाणी कुठून येतं ते शोधून बंद करा. नव्या तावदानाआड पाणी अडकलं की ते सुकायला वाट उरत नाही.

माप घेताना रुंदी वर, मधे आणि खाली मोजा. उंचीही डावीकडे, मधे आणि उजवीकडे. दोन्ही कर्ण मोजले की चौकट गुण्यात (काटकोनात) आहे का ते कळतं. तावदान गाळ्याच्या (चौकटीतल्या उघड्या भागाच्या) आत बसणार असेल तर सर्वांत लहान माप धरा. खोलीच्या बाजूने चौकटीवर टेकणार असेल तर सर्वांत मोठं माप धरून प्रत्येक बाजूला २० मिमी वाढवा: ९०० बाय १२०० मिमीच्या उघड्या भागाला ९४० बाय १२४० मिमीची शीट. ॲक्रिलिक ३० अंशांच्या फरकाला मीटरमागे सुमारे २ मिमी वाढतं, म्हणून गाळ्यातल्या शीटभोवती ३ मिमी जागा सोडा आणि ती स्क्रूने आवळू नका.

आता जोडणी. चौकट धुवा, पूर्ण सुकू द्या, चिकटपट्टीच्या जागी रंगाचे पोपडे असतील तर पॉलिश पेपरने घासून काढा. खाली एक बारीक एल-पट्टी स्क्रूने बसवा. शीटचं वजन तिने पेलायचं. हे टाळलं तर ऊन लागून चिकटपट्टी मऊ पडते आणि शीट हळूहळू घसरते. शीटचं संरक्षक प्लास्टिक आधी फक्त कडांवरून सोला, चुंबकी पट्टी कडेला चिकटवा आणि कोपऱ्यांत ४५ अंशांत कापून फट न ठेवता जुळवा. त्या पट्टीवर स्टीलची पट्टी चुंबकाच्या जोरावरच बसू द्या, मग बाकीचं प्लास्टिक काढा, स्टील पट्टीचा मागचा कागद सोला आणि शीट एल-पट्टीवर टेकवून चौकटीवर दाबा. दोन्ही पट्ट्या अशा आपोआप समोरासमोर येतात. वेगवेगळ्या चिकटवल्या तर एखाद्या कोपऱ्यात हमखास फट राहते. शीट काढून स्टील पट्टी पुन्हा सगळीकडून दाबा, दिवसभर धरू द्या, मग कोरड्या हवेत दोन्ही काचा पुसून बंद करा.

वाऱ्याच्या दिवशी टिश्यू पेपरची बारीक पट्टी कडेने फिरवून पाहा. जिथे ती हलते तिथे फट आहे.

नंतर पाणी कुठे साचतं त्यावरून दोष ओळखता येतो. थंडीत बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला दव धरलं, तर खोलीतली दमट हवा नव्या तावदानाच्या कडेने पोकळीत शिरते आहे. आतली फट बुजवा. अशा वेळी बरेच जण बाहेरची खिडकी सिलिकॉनने ठार बंद करतात आणि ओलावा आतच कोंडतो. थंड हवामानात आतलं तावदान घट्ट आणि बाहेरचं किंचित श्वास घेणारं हवं. दमट, उष्ण हवेत एसी चालत असेल तर गणित उलटं: पाणी आतल्या तावदानाच्या पोकळीकडच्या अंगाला धरतं, कारण बाष्प बाहेरून येतं. तिथे बाहेरची खिडकी घट्ट करा. सिलिका जेलच्या पुड्या थोडे दिवस मदत करतात, फट बुजवत नाहीत.

ज्या खोलीत गॅस, कोळसा किंवा लाकूड जळतं तिथली हवेची वाट बंद करू नका, कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो. झोपण्याच्या खोलीत निदान एक तावदान अवजाराशिवाय चटकन निघायला हवं. शीटला पकडायला मूठ लावा आणि ती कशी काढायची ते घरातल्या सगळ्यांना करून दाखवा.

ॲक्रिलिक साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ सुती फडक्याने पुसा. अमोनिया किंवा अल्कोहोल असलेल्या काच-क्लिनरने त्यावर बारीक चिरा पडतात. मोसम संपल्यावर शीट काढणार असाल तर प्रत्येकीवर खिडकीचा क्रमांक लिहा आणि त्या सपाट जागी आडव्या ठेवा. भिंतीला तिरक्या टेकवून ठेवल्या तर वाकतात आणि पुढच्या वेळी चुंबक सगळीकडे धरत नाही.