पासवर्ड फाईलमध्ये नको, विंडोजच्या तिजोरीत ठेवा

शाहूपुरीतल्या एका गुळाच्या पेढीसाठी मी रोज रात्री हिशेबाचा बॅकअप घेणारी पायथॉनची स्क्रिप्ट लिहून दिली होती. परवा तिथं गेलो, तर सेटिंगची फाईल नोटपॅडमध्ये उघडी आणि तिसऱ्याच ओळीत डेटाबेसचा पासवर्ड. गूळ न्यायला आलेल्या कुणालाही वाचता येईल असा! त्याच दुपारी बदल केला.

विंडोजमध्ये पासवर्ड जपून ठेवणारी तिजोरी, म्हणजे क्रेडेन्शियल मॅनेजर, असतेच. मॅकवर कीचेन, लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर कीरिंग. पायथॉनची 'कीरिंग' नावाचीच लायब्ररी या तिन्हींशी जुळवून घेते. सेवेचं नाव, युजरनेम आणि पासवर्ड एकदाच हाताने साठवायचा. पुढे स्क्रिप्ट पहिली दोन नावं सांगून पासवर्ड मागून घेते, कोडमध्ये तो कुठेच राहत नाही.

बहुतेक जण अडकतात ते पुढे. साठवलेला पासवर्ड त्या विंडोज युजरपुरताच असतो. तुम्ही स्वतःच्या लॉगिनने साठवला आणि ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या टास्क शेड्यूलरमध्ये ते दुसऱ्याच खात्यावर लावलं, तर रात्री स्क्रिप्टच्या हाती काहीच लागत नाही. दोन्हीकडे एकच खातं ठेवा.

आणखी एक. त्या लॉगिनखाली चालणारा दुसरा प्रोग्रॅमही हा पासवर्ड मागू शकतो. म्हणून चहाला उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबून मशीन लॉक कराच. जुना पासवर्ड फाईलमधून नुसता पुसू नका, बदलूनच टाका; बॅकअपच्या जुन्या प्रतींमध्ये तो अजून असतो.