थर्माकोलच्या विमानाला गोंद लावायच्या आधी हे बघा

पहिल्यांदा आरसी (रिमोटवर उडणारं) विमान करणार असाल तर मोटर आणि सर्वो (विमान वळवणारे भाग हलवणारी छोटी मोटर) राहू दे बाजूला, आधी गोंदाचं बघा की. मी गणपतीच्या डेकोरेशनचा उरलेला थर्माकोल घेऊन पंख केलो आणि घाईत सुपरग्लू लावलो, बघता बघता जोडाच्या जागी बोट जाईल एवढा खड्डा! थर्माकोल काय, डेप्रॉन (पातळ फोमशीट) काय, दोन्ही पॉलिस्टायरिनच, साध्या सुपरग्लूनं विरघळतंय. ईपीपी फोमला (हा पॉलिप्रॉपिलीनचा) मात्र तोच चालतो.

थर्माकोलला पांढरा फेविकॉल बरा, पण पातळ हात मारायचा, जाड थर आत ओलाच राहतो, कारण फोममधनं पाणी बाहेर जायला वाटच नसते आणि त्यात आपल्या बेळगावचा जुलैमधला पाऊस, रात्रभर टेप मारून ठेवला तरी सकाळी जोड सरकतोय, म्हणून मी दोन दिवस हातच लावत नाही. ग्लू गन फास्ट, पण वजन वाढतंय, आणि मोटर माउंटला (मोटर बसवायच्या जागेला) तर नकोच, मोटर तापली की गोंद मऊ पडतो. तिथं 5 मिनिटवाला इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) लावा. नवीन गोंद आणला की आधी कातरणाच्या तुकड्यावर एक थेंब टाकून बघायचं.