लग्न रद्द करायचंय? आधी या चुका टाळा

"लग्नाला वर्षही झालं नाही, मग घटस्फोट कशाला, सरळ रद्दच करून टाकू." कौटुंबिक न्यायालयाच्या बाकड्यांवर हे वाक्य हमखास कानावर येतं. लग्न ताजं असलं की ते रद्द होतं, हा समज इतका पक्का आहे की मंडळी कारण सांगायच्या आधी लग्नाची तारीख सांगतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात असं काही नाही. वर्षाचा आकडा आहे, पण वेगळ्या जागी. एक म्हणजे, अपवाद सोडले तर लग्नाला वर्ष होईपर्यंत घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही (कलम १४). दुसरं, फसवून किंवा जबरदस्तीने झालेलं लग्न रद्द करायचं तर फसवणूक कळल्यापासून, किंवा जबरदस्ती संपल्यापासून, वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो (कलम १२). या दोन मुदतींची गल्लत झाली की माणूस नको तिथे थांबतो.

पण माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक कोर्टात नाही, घरात होते. समजा, लग्न वैशाखात झालं. बायोडेटात मुलगा 'अविवाहित' होता. आषाढात कपाटातल्या फायलीत त्याच्या आधीच्या घटस्फोटाचा हुकूमनामा सापडतो. मुलगी रडत आईला फोन करते. आई म्हणते, "आत्ता काही बोलू नकोस, मंगळागौर होऊ दे." मंगळागौर होते. दिवाळसणाला जावयाला अंगठी घातली जाते, दोघं महाबळेश्वरला जाऊन येतात. मग भांडण विकोपाला जातं आणि अर्ज दाखल होतो. उलटतपासणीत समोरचा वकील महाबळेश्वरचे फोटो पुढे सरकवतो आणि विचारतो, "हे कधीचे?" मुदत अजून बाकी असते, तरी प्रकरण तिथेच लंगडं होतं. फसवणूक कळल्यावरही राजीखुशीने नवरा-बायको म्हणून राहिलात, तर कलम १२ खाली तो अर्ज टिकत नाही. आईचं चुकलं असं कसं म्हणावं? पण खरं काय ते कळलं त्याच आठवड्यात वकील गाठायला हवा. कधी कळलं, कशावरून कळलं, तेव्हा घरात कोण होतं, हे लिहून ठेवा. मेसेज पुसू नका, फोन बदलला तरी जुना मोडीत देऊ नका.

फसवणूक म्हणजे काय, यातही घोळ होतो. पगार जरा फुगवून सांगितला, दोन एकराचे पाच एकर केले, एवढ्यावर लग्न रद्द होईल या भ्रमात राहू नका. लपवलेली गोष्ट जोडीदाराबद्दलची आणि लग्नाच्या निर्णयावर खरोखर परिणाम करणारी असावी लागते. अर्जात नुसतं 'आमची फसवणूक झाली' लिहून भागत नाही. कोण, कधी, काय खोटं बोललं, याचा तपशील लागतो.

शरीरसंबंध आलेच नाहीत, हे कारणही अर्धवट समजून घेतलं जातं. हिंदू विवाह कायद्यात त्यामागे समोरच्याची नपुंसकता सिद्ध करावी लागते. नुसता नकार पुरत नाही. विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे नोंदणी पद्धतीने, लग्न झालं असेल तर मात्र जाणूनबुजून दिलेला नकार हेही कारण ठरतं. म्हणून आधी प्रमाणपत्र काढा आणि लग्न कोणत्या कायद्याखाली लागलं ते पाहा.

मानसिक आजाराच्या गोळ्या सापडल्या, एवढंही पुरेसं नाही. आजारामुळे संमती देता येत नव्हती, किंवा संसाराला आणि अपत्यप्राप्तीला व्यक्ती असमर्थ होती, हे दाखवावं लागतं. अपस्मार, म्हणजे फिट येणं, हे कारण तर १९९९ मध्येच कायद्यातून काढलं. न्यायालय वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकतं आणि ती नाकारली तर त्याचा विरुद्ध अर्थ काढू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगितलं आहे.

सगोत्र लग्न आपोआप बाद होत नाही. मामाच्या मुलीशी झालेलंही बाद होत नाही, जर त्या समाजात तशी रूढी असल्याचं सिद्ध झालं. पहिला जोडीदार हयात असताना, घटस्फोट न होता केलेलं दुसरं लग्न मात्र मुळातच शून्य, म्हणजे कायद्याच्या नजरेत ते झालंच नाही. तरीही "शून्यच आहे, मग कोर्टात कशाला जायचं" म्हणून बसू नका. पुढच्या लग्नाच्या वेळी, मालमत्तेच्या वादात तो निकालाचा कागद लागतोच.

आणि स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी! 'दोघांच्या संमतीने लग्न रद्द' असं नोटरीकडे लिहून घेणारे आजही भेटतात. तशी सोय कायद्यात नाही. संमतीने होतो तो घटस्फोट, कलम १३-ब खाली, तोही न्यायालयातूनच.

मूल असेल तर त्याचं काय होईल या भीतीने गप्प राहू नका. कलम १६ प्रमाणे ते औरसच, म्हणजे कायदेशीर अपत्य, मानलं जातं आणि आईवडिलांच्या मालमत्तेत त्याला हक्क मिळतो. पोटगीचंही तसंच. लग्न शून्य ठरलं म्हणून कायमची पोटगी नाकारलीच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे "रद्द झालं तर दमडी मिळणार नाही" असं सासरच्या कुणी बजावलं, तर ते ऐकून अर्ज मागे घेऊ नका.

निकाल लागला की प्रमाणित प्रती दोन-तीन जास्तीच्या काढा, आणि अपिलाची मुदत संपल्याचं वकिलाला विचारल्याशिवाय पुढच्या लग्नाचा हॉल बुक करू नका.