जुनी सोळा-तेरा (टाटा १६१३ ट्रक) ओढत नाही? पंप उतरवायच्या आधी एवढं बघा

घाटात गाडी बसली की ड्रायव्हर मालकाला फोन करून एकच सांगतो: पंप गेला, म्हणजे इंजिनला दाबानं डिझेल देणारा पंप. मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण पंप तपासणीच्या बेंचवर गेला म्हणजे खर्च वेगळा आणि बुडालेलं भाडं वेगळं. माझं गॅरेज हायवेला, कराडच्या अलीकडे. खंबाटकीत नाहीतर कात्रजला दम टाकून टोचनवर इथं येणाऱ्या जुन्या गाड्यांत पंप खरोखर बाद झालेला क्वचितच निघतो. बहुतेक वेळा डिझेल पंपापर्यंत पोचतच नसतं.

मी सांगतोय ते साध्या इनलाइन पंपाच्या (प्रत्येक सिलिंडरचा एलिमेंट एका ओळीत असलेल्या) गाड्यांबद्दल, म्हणजे टाटा १२१०, १६१३ आणि त्यांच्या पिढीतल्या. मायकोचा पंप म्हणतात तो. कंपनीचं नाव २००८ सालीच बॉश झालं, पण गॅरेजात अजून मायकोच चालतं. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या नव्या गाडीला यातलं काही करायला जाऊ नका. तिथं पाइपात हजार बारच्या वर प्रेशर असतं, नट सैल केला तर हात जाईल.

पाना हातात घ्यायच्या आधी धूर बघा. भरलेली गाडी चढाला लागली, रेस पूर्ण दाबली, गाडी ओढत नाही आणि मागं धूरही नाही, तर इंजिनला डिझेल कमी पडतंय आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. ओढत नाही पण काळा धूर ओकतेय, तर डिझेल भरपूर येतंय, हवा कमी आहे. एअर फिल्टर, टर्बोचा होज आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो) बघा, टाकीकडे जाऊ नका. गरम इंजिनला डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर असेल तर डिझेल येतंय पण जळत नाही. टायमिंग, नोझल, कम्प्रेशन किंवा डिझेलात पाणी, यातलं काहीतरी आहे.

आणि गाडी चालूच होत नसेल, तर सेल्फ मारून मारून बॅटरी संपवायच्या आधी स्टॉपची, म्हणजे इंजिन बंद करायची वायर बघा. गंजलेली वायर आत अडकते, पंपावरचा स्टॉपचा लिव्हर अर्ध्यातच राहतो आणि पंप डिझेल सोडतच नाही. हातानं लिव्हर मागं ढकलला की काम झालं. असल्या गाड्याही टोचनवर येतात.

आता टाकीपासून सुरुवात. अर्धा तास नीट चालते, मग दम टाकून बंद पडते, दहा मिनिटं थांबलं की परत चालू होते, अशी तक्रार असेल तर बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली तर झाकणाचं श्वासाचं भोक चिखलानं बुजलंय. तसा आवाज नाही आला तर टाकीत काहीतरी तरंगतंय. चिंधी म्हणा, कॅनच्या बुचाखालचा प्लास्टिकचा पापुद्रा म्हणा, ओढ लागली की सक्शन पाइपच्या तोंडाला चिकटतो आणि इंजिन बंद झालं की सुटून खाली पडतो. टाकी उतरवून धुतल्याशिवाय तो सापडत नाही. पावसाळ्यात टाकीच्या तळाचा ड्रेन नट सैल करून पहिलं डिझेल काचेच्या बाटलीत धरा. पाणी खाली बसलेलं लगेच दिसतं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा फॉल्ट टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) एवढ्या पाइपात असतो. इथं लोक गळती शोधतात आणि ती सापडत नाही, कारण या भागात डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. शहाळ्याच्या नळीला चीर असली तर पाणी बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते, तसंच. जॉइंट कोरडा ठणठणीत दिसतो आणि आतून हवा घेत असतो. याची खूण म्हणजे सकाळी गाडी सेल्फवर फार वेळ घेते, एकदा चालू झाली की दिवसभर बरी चालते. रात्रभरात पाइपातलं डिझेल हवा घेऊन टाकीत उतरलेलं असतं.

यासाठी मी पाच लिटरचा डबा ठेवलाय. त्यात स्वच्छ डिझेल भरायचं, डबा सायलेन्सर आणि टर्बोपासून लांब पक्का बांधायचा आणि पारदर्शक पाइपनं थेट फीड पंपाला जोडायचा. रिटर्नचा (जादा डिझेल टाकीत परत नेणारा) पाइपही डब्यातच सोडा, नाहीतर डबा बघता बघता टाकीत रिकामा होईल. मग गाडी जवळच्या चढावर घ्या. ओढली तर फॉल्ट टाकी आणि तिच्या पाइपात आहे, पुढचं काहीही उघडू नका. नाही ओढली तर टाकीला विसरा.

फॉल्ट मागंच निघाला तर टाकीचा पाइप परत लावा, पण फीड पंपाजवळ वीतभर पारदर्शक तुकडा घाला आणि इंजिन रेस करून बुडबुडे बघा. मग एकेक जॉइंटला ग्रीस फासत जा. ज्या जॉइंटला बुडबुडे थांबले, तोच दोषी. चासीच्या क्लिपमध्ये पाइप घासलाय का तेही बघा. रबरी होज बाहेरून चांगला दिसतो पण आतला थर सुटून ओढ लागली की वाट बंद करतो, म्हणून जुना होज तपासत बसू नका, बदलून टाका. बँजोचे (पोकळ बोल्टनं बसणाऱ्या पाइप जॉइंटचे) तांब्याचे वॉशर नवे घाला. नाहीच मिळाले तर जुना लालबुंद तापवून पाण्यात टाका, मऊ होतो. टेफ्लॉन टेप मात्र लावू नका. तिचे धागे सुटतात आणि पंपात जातात. आणि फीड पंपावरच्या हँड पंपाची मूठ खाली दाबून पूर्ण आवळलेली आहे ना? सैल राहिली तर तिथूनही हवा घेते.

डब्यावरही ओढली नसेल तर फीड पंपाच्या खालची वाटी आणि जाळी धुवा. मग स्टॉप ओढून धरा, फीड पंपाचा पुढचा पाइप काढून बाटलीत घाला आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही. ठोक्यासरशी जाड धार आली पाहिजे. मुतखडा झाल्यासारखं थेंब थेंब आलं तर आतले दोन व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगा काढून साफ करा, बऱ्याचदा व्हॉल्व्हखाली कचरा बसलेला असतो. मोठ्या पंपाच्या कॅमबॉक्समधलं (खालच्या ऑइलच्या पेटीतलं) ऑइल आपोआप वाढत असेल तर फीड पंपाचा दांडा झिजून डिझेल आत चाललंय, नवा घाला.

फिल्टर बदलले असतील तर वरून डिझेल ओतून भरू नका. मधल्या भोकात ओतलेलं डिझेल गाळलं न जाताच पंपात जातं. हँड पंपानंच भरा. फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून फेस जाईपर्यंत मारा, आवळा. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. तरी चालू झाली नाही तर नोझलला येणाऱ्या पाइपचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल आलं की आवळा.

गाडी चालते पण मिसिंग मारते, म्हणजे एखादा सिलिंडर काम करत नाही, तर आयडलला नोझलच्या पाइपचा एकेक नट फडकं धरून सैल करा. ज्या सिलिंडरला आवाजात फरकच पडत नाही, तो आधीच मेलेला आहे. त्याचा नोझल शेजारच्याशी अदलाबदल करा. फॉल्ट नोझलबरोबर सरकला तर नोझल, जागीच राहिला तर पंपाचा एलिमेंट (डिझेल दाबणारा दट्ट्या), त्याच्या वरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह किंवा कम्प्रेशन. नोझल दोनशे बारच्या आसपास उघडतो, त्यामुळे गळणाऱ्या पाइपवर बोट ठेवून बघायचा धीटपणा नको. ती धार कातडीत घुसते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते. घुसलीच तर दुखत नसलं तरी त्याच तासात दवाखाना.

एवढं करून डिझेल साफ, हवा नाही, धार जाड, तरी वरच्या रेसला दम नाही? पंपावरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह (जादा डिझेल रिटर्नमध्ये सोडणारा) बघा. स्प्रिंग तुटते, किंवा कोणीतरी मध्ये साधा बँजो बोल्ट मारून ठेवलेला असतो. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे, पण साध्या बोल्टनं सगळं प्रेशर टाकीत परत जातं. इंजिन रेसवर असताना रिटर्नचा होज पक्कडीनं क्षणभर दाबा. दम आला तर व्हॉल्व्ह बदला.

तरीही नाही, तर मग पंप उतरवा. उतरवायच्या आधी टायमिंगची खूण छिन्नीनं ठळक करून घ्या, सहाही पाइपांना नंबर टाका आणि उघड्या तोंडांना बुचं लावा. बुचं नसली तर स्वच्छ प्लास्टिक बांधा, सुती चिंधी कोंबू नका. आणि कॅलिब्रेशनवाल्याला (बेंचवर पंप तपासून सेट करणाऱ्याला) आतापर्यंत काय काय तपासलं ते सांगा, म्हणजे तो तुम्हाला फिल्टर बदलायला परत पाठवणार नाही.