मोठ्या माणसांना कॅथलिक श्रद्धेची ओळख कशी करून द्यायची (पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चमध्ये, हे काम करणाऱ्यांसाठी)

तिशी-चाळिशीतलं कुणीतरी फादरांना येऊन सांगतं की मला कॅथलिक व्हायचंय, फादर त्यांना आपल्याकडे म्हणजे कॅटेकिझम (धर्मशिक्षण) शिकवणाऱ्यांकडे पाठवतात की जरा यांचं बघा, आणि आपण काय करतो तर पहिल्या कम्युनियनच्या मुलांचं पुस्तक काढून पान एकपासून सुरू करतो. असं करू नका प्लीज. मोठ्या माणसाची पाटी कोरी नसते. त्याच्यामागे घरचा देव्हारा असतो, आजीने शिकवलेली स्तोत्रं असतात, एखादं मोडलेलं लग्न असतं, आजारपण असतं, आणि इथपर्यंत यायला कधी कधी त्याने दहा वर्षं विचार केलेला असतो. त्याला धडे द्यायच्या आधी त्याचं ऐकायला पाहिजे आणि त्याला वेळ द्यायला पाहिजे. बाकी सगळं त्याच्यानंतर.

चर्चने पण हे नीट विचार करून ठरवलेलं आहे. पहिल्या शतकांत मोठ्यांची तयारी तीन-तीन वर्षं चालायची, मग लहान बाळांचेच स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) जास्त व्हायला लागले आणि ती पद्धत मागे पडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, 1963 मध्ये सांगितलं की मोठ्यांसाठी टप्प्याटप्प्याची तयारी परत सुरू करा, आणि 6 जानेवारी 1972 ला रोमने त्याचे विधी जाहीर केले. त्यालाच आपण पॅरिशमध्ये आरसीआयए (मोठ्यांना ख्रिस्ती धर्मात घेण्याचे विधी) म्हणतो. नाव कोर्ससारखं वाटतं पण हा कोर्स नाही, परीक्षा नाही, पास-नापास तर अजिबात नाही.

पहिली भेट. वर्गात नको, ऑफिसात टेबलाच्या पलीकडे बसून पण नको. चहा घ्या, आणि एकच प्रश्न विचारा, तुम्हाला इथे यावंसं का वाटलं. मग गप्प बसा. कुणी माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनाला वर्षानुवर्षं जात असतं, कुणी कॉन्व्हेंट शाळेत शिकलेलं असतं आणि तेव्हाची चॅपलमधली शांतता मनात राहिलेली असते, कुणाची बायको कॅथलिक असते, कुणाला आजारपणात एखाद्या सिस्टरने सांभाळलेलं असतं. संत ऑगस्टिनला साधारण इसवी सन 400 च्या सुमारास कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या डीकनने विचारलं होतं की नवीन माणसांना शिकवताना मला स्वतःलाच माझं बोलणं कंटाळवाणं वाटतं, काय करू? ऑगस्टिनने लांबलचक उत्तर लिहिलं आणि त्यातला सल्ला आजही तसाच्या तसा वापरावा असा आहे: समोरचा का आलाय ते आधी जाणून घ्या, प्रेमाने आणि आनंदाने बोला, आणि ऐकणारा दमला असेल तर त्याला बसायला द्या. दिवसभर काम करून, लोकल पकडून संध्याकाळी साडेसातला आलेल्या माणसाला हे किती लागू पडतं बघा.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करून घ्या, आलेल्या माणसाचा आधी बाप्तिस्मा झालाय का. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा मेथॉडिस्ट अशा चर्चमधून कुणी आलं असेल आणि पाण्याने, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा झाला असेल तर तो परत करत नाहीत, दाखला मागवायचा, आणि त्यांची तयारी वेगळी आणि बहुतेक वेळा कमी दिवसांची असते, त्यांनी श्रद्धा जाहीर केली की त्यांना चर्चमध्ये सामावून घेतात, दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि ख्रिस्तशरीर (कम्युनियन) देतात. त्यांना नवख्यांच्या रांगेत बसवलं तर त्यांना वाईट वाटतं आणि ते बरोबरच आहे. तसंच बाळपणी कॅथलिक स्नानसंस्कार झालेला पण पुढे काहीच न शिकलेली माणसं पण येतात, त्यांना लाज वाटू देऊ नका.

आता लग्नाचा विषय, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. कुणी म्हणालं की माझं लग्न कॅथलिक मुलीशी ठरलंय म्हणून मला कॅथलिक व्हायचंय, तर त्यांना तिथल्या तिथे सांगा की लग्नासाठी स्नानसंस्कार घ्यायची सक्ती नाही. बिशपांची परवानगी घेऊन चर्चमध्ये लग्न होऊ शकतं आणि तुम्ही तुमच्या धर्मातच राहू शकता, वचन कॅथलिक व्यक्तीने द्यायचं असतं की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक वाढवायला माझ्याकडून होईल तेवढं करीन, आणि त्या वचनाची कल्पना तुम्हाला दिली जाते. हे कळल्यावर जो म्हणतो की तरीही मला जाणून घ्यायचंय, तो खरा आलेला माणूस. जो म्हणतो मग नको, त्याच्याशी पण तितक्याच प्रेमाने वागा, लग्नाला जा, घरी बोलवा. आणि ज्यांचं आधी एक लग्न झालंय, घटस्फोट झालाय, त्यांचं पहिल्या एक-दोन महिन्यांतच फादरांशी बोलणं करून द्या. हे प्रकरण धर्मप्रांताच्या विवाह न्यायालयाकडे जाऊ शकतं, त्याला वेळ लागतो, आणि ईस्टरला दोन आठवडे राहिलेले असताना त्या माणसाला थांबा म्हणून सांगायची वेळ येऊ नये. नवरा-बायकोतला एकच जण आला असेल तर दुसऱ्याला कल्पना आहे का तेही विचारा.

कायद्याचं पण लपवू नका. राज्यघटनेच्या कलम 25 ने प्रत्येकाला आपला धर्म निवडायचा हक्क दिलाय, पण वेगवेगळ्या राज्यांत धर्मांतराचे वेगवेगळे कायदे आहेत, काही ठिकाणी आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, म्हणून तुमच्या राज्यात या घडीला काय नियम आहे ते धर्मप्रांताच्या वकिलांना विचारूनच पुढे जा. अनुसूचित जातीच्या माणसाला हे सांगायलाच पाहिजे की 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झाल्यावर त्या सवलती राहत नाहीत. हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराने धर्म बदलणं हे घटस्फोटाचं एक कारण धरलंय. हिंदू वारसा कायद्यात धर्म बदलणाऱ्याचा स्वतःचा हक्क जात नाही, पण नंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीत वारस धरत नाहीत. मला माहीत आहे की हे ऐकून माणूस घाबरेल असं काहींना वाटतं, पण नंतर कळून घरात वादळ उठण्यापेक्षा आधी कळलेलं चांगलं, आणि सगळं माहीत असताना घेतलेला निर्णयच मोकळा असतो. चर्चचा स्वतःचा कायदा सांगतो की कुणाच्याही विवेकाविरुद्ध त्याला कॅथलिक व्हायला भाग पाडायचं नाही, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर आमिष दाखवायलाही स्पष्ट मनाई केलीय. म्हणजे शाळेची ॲडमिशन, नोकरी, पैसे, औषधोपचार यातलं काहीही या गोष्टीला जोडायचं नाही, साधा इशारासुद्धा नाही. मदत करायची असेल तर ती कुणालाही करतो तशीच करा.

पहिले दोन-तीन महिने निव्वळ ओळखीचे ठेवा. 1992 चा मोठा कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणीचं पुस्तक, त्यात 2865 परिच्छेद आहेत, तो हातात देऊ नका, तो तुम्ही वाचा. त्यांना मार्कचं शुभवर्तमान द्या, सोळाच अध्याय आहेत, आठवड्याला दोन वाचले तरी दोन महिन्यांत येशूची अख्खी कथा वाचून होते, आणि मग प्रश्न आपोआप येतात. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, स्वतः सोबत न्या, शेजारी बसवा, कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे ते हळूच सांगा, आणि ख्रिस्तशरीर घ्यायला अजून पुढे जायचं नाही हे आधीच घरी सांगून ठेवा, रांगेत उभं राहिल्यावर सांगितलं तर माणूस चारचौघांत ओशाळतो.

भाषेचं एक मनापासून सांगतो. मुंबईत ज्यांच्या पॅरिशमध्ये सगळं इंग्रजीत चालतं तिथे मराठी माणूस मान डोलावतो आणि घरी जातो, आत काहीच पोचत नाही. प्रार्थना ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेतच शिकवा. वसईत मराठी मिस्सा आहे, मराठी गीतं आहेत, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल आहे, ते मागवून घ्या. चारशे वर्षांपूर्वी फादर थॉमस स्टीफन्सने गोव्यात मराठी ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण रचलं, 1616 ला राशोलला छापलं, ते नव्याने ख्रिस्ती झालेल्यांसाठीच, पुराण ऐकत वाढलेल्या लोकांसाठी. त्यात मराठीला फुलांमधली मोगरी म्हटलंय, त्या ओव्या मोठ्याने वाचून दाखवा, बघा चेहरे कसे उजळतात.

दर आठवड्याची बैठक दीड तासाची पुरे. आधी येत्या रविवारचं शुभवर्तमान वाचायचं आणि त्यावर त्यांना बोलू द्यायचं, मग एकच विषय, मग प्रार्थना. विषयांची सुरुवात येशूपासून करा, नियमांपासून नको. येशू कोण, मग पिता आणि पवित्र आत्मा, मग चर्च, संस्कार, आज्ञा, प्रार्थना, मरिया आणि संत, मरणानंतरची आशा. कमीत कमी एक पूर्ण उपासना-वर्ष तरी द्या, म्हणजे त्यांना आगमनकाळ, नाताळ, प्रायश्चित्तकाळ, ईस्टर सगळं एकदा जगायला मिळतं.

आणि खरे प्रश्न पुस्तकात नसतात. गणपतीला गावी घरी गेलो तर चालेल का? बाबांचं श्राद्ध मी मोठा मुलगा असून करायचं नाही का? आईने हातावर प्रसाद ठेवला तर काय करू? यावर एका वाक्यात हो किंवा नाही सांगून मोकळं होऊ नका. घरी जाणं, सगळ्यांच्या पंगतीला बसणं, आईवडिलांच्या पाया पडणं यात काही गैर नाही, आईवडिलांचा मान राखणं ही तर आपली चौथी आज्ञा आहे. स्वतः पूजेला बसणं वेगळं, कारण मग आपण जी श्रद्धा जाहीर करणार तिच्याशी ते जुळत नाही. प्रसादासारख्या प्रश्नावर संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय एकत्र वाचा, मग फादरांबरोबर बसा. वडिलांसाठी मिस्सा सांगता येते हे ऐकून डोळ्यात पाणी आलेली माणसं मी पाहिलीत. आणि त्यांच्या जुन्या श्रद्धेबद्दल कधीही वाकडं बोलू नका, त्यांच्या आईने त्यांना हात जोडायला शिकवलं त्याच हातांनी ते आज इथे आलेत.

मन तयार झालं की स्वीकाराचा विधी होतो, सगळ्या पॅरिशसमोर. कपाळ, कान, डोळे, ओठ, छाती, खांदे यांवर क्रुसाची खूण करतात, हात आणि पायांवर पण करता येते. हा विधी घाईत उरकू नका. यानंतर तो माणूस चर्चच्या घरातला होतो, इतका की स्नानसंस्काराआधी मरण आलं तर त्याला कॅथलिक अंत्यविधी मिळतो. गॉडपेरेंट (श्रद्धेत साथ देणारे धर्माचे आईवडील) पण वेळेत शोधा. सोळा वर्षं पूर्ण, दृढीकरण झालेला, आणि सख्खे आईवडील नकोत एवढे मुख्य नियम, पण माझ्या मते जो ईस्टरनंतरही फोन उचलेल असा माणूस बघा. ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याला शक्यतो करू नका, त्याच्यासमोर शंका बोलून दाखवता येत नाहीत.

तारखांसाठी 2027 चंच उदाहरण घेऊ. राखेचा बुधवार, म्हणजे प्रायश्चित्तकाळाची सुरुवात, 10 फेब्रुवारी, त्यानंतरच्या रविवारी म्हणजे 14 ला निवडीचा विधी, तो साधारण कॅथेड्रलमध्ये बिशपांसमोर होतो, नावं नोंदली जातात. चौदा वर्षांवरच्या व्यक्तीचा स्नानसंस्कार बिशपांना कळवायचाच असतो, ते पत्र फादर पाठवतात, पण पाठवलंय ना ते तुम्ही विचारा. मग 28 फेब्रुवारी, 7 मार्च, 14 मार्च या तीन रविवारी त्यांच्यासाठी खास प्रार्थना असतात, आणि वाचनं शोमरोनी बाई, जन्मांध माणूस आणि लाजरस यांची, वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातलं वर्ष कुठलंही चालू असलं तरी. या तीन कथांवर तीन बैठका द्या, दुसरं काही शिकवायला जाऊ नका. पहिल्या प्रार्थनेनंतरच्या आठवड्यात विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना) आणि तिसऱ्यानंतर प्रभूची प्रार्थना त्यांच्या स्वाधीन करतात.

मग 27 मार्चची, म्हणजे ईस्टरच्या आदली रात्र. त्यांना आधी सांगा की अंधार पडल्यावर सुरू होतं, लांब चालतं, वाचनं बरीच असतात. टॉवेल आणि कोरडे कपडे आणायला सांगा, पांढरं वस्त्र कुठे मिळतं ते सांगा, घरच्यांसाठी पुढची जागा राखून ठेवा, हिंदू आईवडील आले असतील तर त्यांच्याशेजारी कुणीतरी समजावून सांगणारं बसवा. स्नानसंस्कार, दृढीकरण आणि ख्रिस्तशरीर तिन्ही त्याच रात्री मिळतात. त्याआधी पापनिवेदन (कन्फेशन) करायचं नसतं कारण स्नानसंस्काराने सगळी पापं धुतली जातात. ज्यांचा बाप्तिस्मा आधीच झालाय त्यांनी मात्र आधी करायचं. नाव बदललंच पाहिजे असंही नाही, ख्रिस्ती भावनेला विसंगत नसलं की झालं. त्रावणकोरच्या दरबारात काम करणाऱ्या नीलकंठ पिल्लेंनी 1745 मध्ये स्नानसंस्कार घेतला तेव्हा लाजरस हे नाव घेतलं ते सुद्धा तमिळमध्ये, देवसहायम म्हणून, आणि 2022 मध्ये ते संत म्हणून जाहीर झाले, संत झालेले पहिले भारतीय प्रापंचिक, म्हणजे फादर किंवा ब्रदर नसलेले.

ईस्टरनंतर बहुतेक ग्रूप बंद पडतात आणि माणसं गायब होतात, याचा दोष मी त्यांना देत नाही. रात्रभर टाळ्या मिळतात आणि पुढच्या रविवारी चर्चच्या दारात कुणी ओळख दाखवत नाही. म्हणून 16 मेच्या पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) दर आठवड्याला भेटायचंच, मग महिन्यातून एकदा, वर्षभर. गाता येत असेल तर गायकवृंदात, चांगलं वाचता येत असेल तर वाचकांत, नाहीतर व्हिन्सेंट दी पॉलच्या (गरिबांना मदत करणारी संस्था) कामात घ्या. त्यांच्या वाडीतल्या ख्रिस्ती समूहाच्या बैठकीला गॉडपेरेंटने स्वतः न्यावं. पहिलं पापनिवेदन अवघड जातं, तेव्हा कसं करायचं ते आधी सांगून चर्चपर्यंत सोबत जा. आणि स्नानसंस्काराच्या रजिस्टरमध्ये नाव, आईवडिलांची नावं, गॉडपेरेंट, तारीख नीट लिहिलंय का ते त्याच आठवड्यात बघून दाखल्याची एक प्रत त्यांच्या हातात द्या, लग्नाच्या वेळी तो लागतो.